‘पगार सगळा पाळणाघरातच जाणार, मग नोकरी कशाला?’ हे गणित एकदा नीट मांडू या

बाळ साडेचार महिन्यांचं झालं की घरात एक बैठक होते. तिला कुणी बैठक म्हणत नाही, पण होते. सासूबाई मेथी निवडता निवडता विचारतात, “मग काय ठरवलंयस?” नवरा मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतो. दहा मिनिटांत निकाल लागतो. पाळणाघराची फी, जाण्यायेण्याचा खर्च, वरकामाच्या मावशींचे वाढीव पैसे, सगळं वजा जाता हातात पंधरा हजार. “एवढ्यासाठी इतकी ओढाताण?”

हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय, स्वतःच्या घरातही. त्यातली वजाबाकी बहुतेक वेळा बरोबरच असते. कशातून काय वजा करायचं, तिथे गाडी चुकते. त्यात भर म्हणून कुणीतरी ऐकून आलेलं असतं की कायद्याने ऑफिसात पाळणाघर लागतंच, सरकारची कसलीशी योजना आहे, करात सूट मिळते. यातलं थोडं खरं, थोडं अर्धवट आणि एक साफ खोटं आहे.

आधी रजा: सव्वीस आठवडे कुठून मोजायचे?

मातृत्व लाभ कायदा १९६१चा, नोव्हेंबर २०२५पासून त्याची जागा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण रजेचे हे नियम तेच राहिले. २०१७मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची भरपगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. आधीच दोन मुलं असतील तर पुढच्या बाळंतपणाला अजूनही बाराच. अट एवढीच, की अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. हे फक्त कायम नोकरीवाल्यांसाठी आहे असा समज आहे, तो चूक. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या बायकांना हा लाभ द्यायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्येच सांगितलं.

मेख अशी, की सव्वीस आठवडे बाळाच्या जन्मापासून नव्हे, तर रजेवर गेल्यापासून मोजतात. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. ते सगळे घेतले तर बाळंतपणानंतर उरतात अठरा, म्हणजे चार महिने आणि वर काही दिवस. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, असं डॉक्टर सांगत असतात आणि अनेक पाळणाघरं सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत. ही मधली दीड-दोन महिन्यांची फट कायद्यात कुठेच दिसत नाही. घरोघरी ती आईच्या आईला गावाहून बोलावून बुजवली जाते.

फी एवढी का असते?

पाळणाघरवाले लुटतात, असं म्हणून मोकळं होण्याआधी एक छोटा हिशोब करू.

तान्ह्या बाळांना सांभाळणारी एक ताई नीट किती बाळं बघू शकेल? चार म्हणू. एक रडतंय, एकाला भरवायचंय, एकाचं लंगोट बदलायचंय, चौथं नेमकं तेव्हाच पालथं पडून तोंडात काहीतरी घालतंय. आता त्या ताईला महिना पंधरा हजार पगार धरला, तर नुसत्या पगारापोटी दर बाळामागे ३,७५० रुपये झाले. सकाळी आठ ते संध्याकाळी सात उघडं ठेवायचं तर एका ताईने भागत नाही, म्हणून हा आकडा दीड-दोन पट करा. वर जागेचं भाडं, स्वयंपाक, सफाई, वीज.

गिरणीत यंत्र आलं तेव्हा दळण स्वस्त झालं. बाळ कडेवर घेण्याचं यंत्र अजून आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. त्यामुळे हा खर्च खाली आणायला तीनच खिसे आहेत. पहिला पालकांचा. दुसरा ताईचा, म्हणजे तिला कमी पगार द्या किंवा तिच्याकडे चारऐवजी दहा बाळं सोपवा. तिसरा सरकारचा किंवा मालकाचा. हा तिसरा खिसा उघडतो तेव्हा त्याला अनुदान म्हणतात. स्वस्त पाळणाघर मिळाल्याचा आनंद होतो, तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या खिशात हात गेलेला असतो.

मग आपल्याकडे अनुदान आहे का?

आहे, पण नको त्या जागी.

सरकारी योजना आधी पाहू. २००६मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. तीच नावं बदलत २०२२पासून ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ झाली. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, बरीचशी केंद्रं अंगणवाडीला जोडलेली, आणि खर्चाची वाटणी बहुतेक राज्यांत केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास.

साडेसात तासांपाशी जरा थांबा. कल्याणहून रोज लोकलने सीएसएमटीला जाणारी बाई घराचं दार ओढून घेते, तेव्हापासून परत चप्पल काढेपर्यंत अकरा-बारा तास झालेले असतात. मधल्या चार तासांत बाळाने कुठे बसायचं? ही योजना घराजवळच कामावर जाणाऱ्या बाईला उपयोगी पडते, आणि तिला गरजही जास्त आहे. म्हणून ती वाईट नाही. पण शहरातल्या नोकरदार आईचा दिवस तिच्यात मावत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या आईचा तर कुठल्याच चौकटीत मावत नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजतात, उचल कोयत्याला मिळते, म्हणजे कागदावर ती स्वतंत्र कामगारच नसते. बाळंतपणाची रजा कोणी आणि कोणाला द्यायची? बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं.

‘प्रधानमंत्री मातृवंदना’ योजनेचे पहिल्या बाळाचे पाच हजार, आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार, हे पाळणाघरासाठी नसतात. बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई आणि आईच्या पोषणाला हातभार, असा त्यांचा हेतू आहे.

करसवलत हे ते साफ खोटं. जुन्या कररचनेत मुलांच्या ट्यूशन फीला वजावट आहे, पाळणाघराच्या फीला नाही. नव्या रचनेत दोन्हीला नाही.

सरकारी नोकरीतल्या बाईचं चित्र मात्र वेगळं आहे. केंद्र सरकारच्या कर्मचारी महिलेला पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारावर आणि पुढचे ८० टक्के पगारावर. महाराष्ट्र शासनाने २०१८मध्ये आपल्या कर्मचारी महिलांना १८० दिवस दिले. हेही अनुदानच. फरक इतकाच, की ते बाळाला मिळत नाही, आईच्या नियुक्तिपत्राला मिळतं.

“पण कंपनीत पाळणाघर लागतंच ना?”

लागतं. जुन्या कायद्यात २०१७च्या दुरुस्तीने आलेलं कलम ११-अ सांगत होतं, की पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. पन्नास बायका नव्हेत, पन्नास कर्मचारी, बाप्येही त्यात धरून. ‘आमच्याकडे बायका फक्त बारा आहेत’ हे उत्तर चालत नाही. आता लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पन्नासची अट तशीच आहे. काही कंपन्यांनी मिळून एक पाळणाघर चालवलं तरी तिथे चालतं.

पण ते फुकट असावं की आईने काही पैसे भरावेत, यावर हे कलम गप्पच होतं. म्हणून कुठे कंपनी पूर्ण खर्च करते, कुठे बाहेरच्या पाळणाघराशी करार करून निम्मी फी देते, आणि कुठे दारावर हत्ती-ससा रंगवलेली एक खोली असते. मी ज्या ऑफिसात होते तिथे अशी खोली होती. आत प्रिंटरचे खोके होते.

याच कलमाचं दुसरं वाक्य फारसं कुणी वाचत नाही. नोकरीवर घेतानाच प्रत्येक बाईला या कायद्याखालचे सगळे लाभ लेखी आणि ईमेलसारख्या मार्गाने कळवणं मालकावर २०१७पासून बंधनकारक झालं. तुमचं नियुक्तिपत्र बाहेर काढून बघा. त्यात हे नसेल, तर एचआरशी बोलणं सुरू करायला तेवढा मुद्दा पुरेसा आहे.

चांगला कायदा उलटा कसा फिरतो

समजा उद्या नियम आला, की भाडेकरूच्या घरी बाळ झालं तर घरमालकाने सहा महिने भाडं घ्यायचं नाही, वर पाळणाही आणून द्यायचा. हेतू किती छान! पण परवापासून प्रत्येक घरमालक पहिला प्रश्न काय विचारेल? “लग्न कधी झालं?”

मुलाखतीत बायकांना हाच प्रश्न आडून आडून विचारला जातो, त्याचं मूळ इथे आहे. सव्वीस आठवड्यांचा पगारही मालकाने द्यायचा आणि पाळणाघरही त्यानेच काढायचं. मोठ्या कंपनीला ते जाणवत नाही. साठ माणसांच्या कारखान्याला एका वर्षी तीन बाळंतपणं जाणवतात.

पगार २१ हजारांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल तर गोष्ट वेगळी. ती योजना भिशीसारखी चालते. दर महिन्याला मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के भरतो, बाई असो वा पुरुष. सव्वीस आठवड्यांचे पैसे त्या सामाईक गल्ल्यातून येतात, म्हणून एखाद्या बाईला घेतलं की मालकाचा तोटा, असं समीकरण तिथे उरत नाही. माझ्या मते पाळणाघराचा खर्चही याच वाटेने जायला हवा होता. आपण पगाराची एक पायरी ओलांडली की बाईला भिशीतून बाहेर काढतो आणि एकट्या मालकाच्या दारात उभं करतो.

आता मेघनाचा हिशोब

मेघना काल्पनिक आहे, आकडेही उदाहरणादाखल आहेत. तुमचे घालून बघा.

तिचा हातात येणारा पगार ३६ हजार. पाळणाघर १२ हजार, प्रवास ३ हजार, वरकामाच्या मावशी ४ हजार, डबा-कपडे वगैरे २ हजार. एकूण २१. उरले १५ हजार.

पहिली चूक इथेच झाली. पाळणाघराची फी आईच्या पगारातून का वजा केली? बाळ दोघांचं आहे. नवऱ्याला ६० हजार मिळत असतील तर घरात ९६ हजार येतात. त्यातले १२ हजार म्हणजे दर आठ रुपयांतला एक. घराचा हप्ता आपण नवऱ्याच्या एकट्याच्या पगारातून वजा करून ‘हा उगाच नोकरी करतो’ म्हणत नाही. (आणि आपल्याकडे नवरा-बायकोचा प्राप्तिकर वेगवेगळा मोजतात. नव्या कररचनेत मेघनाच्या एवढ्या पगारावर कर शून्य, नवऱ्याचा पगार कितीही असला तरी.)

दुसरी चूक म्हणजे फक्त हातातला पैसा मोजला. पीएफचे दोन्ही बाजूंचे मिळून महिना ३,६०० धरले तर वर्षाला ४३,२०० होतात. शिवाय मेघनाला या कंपनीत चार वर्षं झाली आहेत. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मालक देतो त्या एकरकमी पैशांना, साधारणपणे पाच वर्षं सलग लागतात. मूळ पगार १८ हजार असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे ५२ हजार. बाळंतपणाची रजा त्या पाच वर्षांत धरली जाते. आज राजीनामा दिला तर वर्षभरासाठी ही रक्कम हातची जाते.

तिसरी चूक सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी दिसणारी. फीचा भार कायमचा नसतो. बाळ शाळेत जायला लागलं की पूर्ण दिवसाची फी निम्म्या दिवसाची होते. पगार मात्र वर जातो. वर्षाला आठ टक्के वाढ धरली तरी ३६ हजारांचे तीन वर्षांत ४५ हजारांवर होतात. याउलट तीन वर्षं थांबून परत गेलं तर जुना पगार मिळाला तरी नशीब.

विहिरीवरची मोटार बरेच दिवस बंद राहिली की हवा धरते. मग नुसतं बटण दाबून पाणी येत नाही. वरून पाणी ओतावं लागतं, पाइप हलवावा लागतो, कधी मेकॅनिक बोलवावा लागतो. नोकरीतल्या खंडाचं तसंच होतं. ती पुन्हा सुरू होत नाही असं नाही, पण ओतायचं पाणी हिशोबात धरायला हवं. मूल झाल्यावर आईच्या कमाईत पडणाऱ्या या घटीला अर्थशास्त्रात ‘चाइल्ड पेनल्टी’ म्हणतात, आपण तिला आईपणाचा दंड म्हणू. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या संशोधनानुसार श्रीमंत देशांत एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत जो फरक उरतो, तो मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर पडतो. बापाच्या कमाईचा आलेख मात्र सरळ पुढे जातो.

“आजी आहे ना घरी!”

आहे, आणि महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं बालसंगोपन अनुदान तीच देते. कुठल्याही अर्थसंकल्पात ते दिसत नाही इतकंच.

आजीवर बाळ सोपवण्यात काही वावगं नाही. पण ते फुकट आहे असं धरू नये. तिचे गुडघे दुखतात, बाळ रांगायला लागलं की ते नऊ किलोचं असतं, तिची भजनी मंडळाची बुधवारची दुपार जाते. तिने आपली मुलं एकदा वाढवून झालेली असतात. मला अर्ध्या दिवसाची वाटणी सगळ्यात पटते. दुपारपर्यंत पाळणाघर, मग आजी. फी निम्मी होते, आजीची सकाळ तिची राहते आणि ती आजारी पडली तर सगळा डोलारा कोसळत नाही.

“पण बाळाचं नुकसान होतं त्याचं काय?”

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारला जातो, तरी त्याचं प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७मध्ये दिवसाला पाच डॉलरची अनुदानित पाळणाघरं सुरू केली. अभ्यासकांनी मागोवा घेतला, तेव्हा जोडीदारासोबत राहणाऱ्या आयांचं नोकरी करण्याचं प्रमाण ७.७ टक्के-अंकांनी वाढलेलं दिसलं. त्याच अभ्यासात मुलांच्या वागण्यात चिडचिड, आक्रमकता वाढल्याचंही दिसलं. दोन्ही बाजू आपापला अर्धा भाग सांगत फिरतात.

मला त्यातून कळतं ते एवढंच, की जागा घाईने वाढवल्या तर ताईमागची बाळं वाढतात आणि फरक तिथे पडतो. म्हणून पाळणाघर बघायला जाल तेव्हा भिंतीवरच्या चित्रांपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. एका ताईकडे किती तान्ही बाळं? आणि ही ताई इथे किती वर्षांपासून आहे? दर तीन महिन्यांनी ताई बदलत असेल तर बाळाला दर तीन महिन्यांनी नवीन माणूस. आणि जाऊन बघायचं ते दुपारी साडेबाराला, जेवणाच्या गोंधळात. सकाळी अकराला सगळीच पाळणाघरं गोड दिसतात.

“माझ्या करातून दुसऱ्याच्या मुलाला का?”

मेघना नोकरीत राहिली तर ती पुढची पंचवीस-तीस वर्षं कर भरेल, पीएफ भरेल, म्हातारपणी कुणावर कमी अवलंबून राहील. पाळणाघराचं अनुदान तीन-चार वर्षांचं. शाळेवर सरकार खर्च करतं तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही, मग सहाव्या वर्षाआधीचं मूल एकट्या आईचं कसं? अर्थात अनुदानाने सगळं मिटतं असंही नाही. डेन्मार्कमध्ये पाळणाघरांना सरकार भरघोस पैसे देतं, तरी तिथेही आयांची कमाई दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, असं अभ्यासकांना आढळलं. ताप आल्यावर पाळणाघरातून फोन कुणाला जातो, हे अनुदानाने ठरत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवस, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही दिवस नाही. फोन आईलाच येतो.

घरी राहावंसंच वाटत असेल तर?

तर राहावं. बाळाजवळ असावंसं वाटणं हे कुठल्याही हिशोबात बसत नाही आणि बसवूही नये. तब्येत साथ देत नसेल, नोकरीच जीव नकोसा करणारी असेल, तर पंधरा हजार काय नि पन्नास काय. माझी हरकत ‘परवडत नाही’ या कारणापुरती आहे, कारण ते कारण निम्म्या वेळा चुकीच्या वजाबाकीतून येतं. आणि राहायचंच ठरलं तर नवऱ्याच्या पगारातून दर महिन्याला तिच्या नावावर, तिच्या खात्यात, पीएफइतके तरी पैसे जायला हवेत.

मन अजून हेलकावत असेल तर राजीनाम्याऐवजी आधी दुसरं पत्र लिहा. रजेनंतर काही काळ घरून काम देण्याची तरतूद बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातच आहे, कामाचं स्वरूप तसं असेल आणि मालक-कर्मचाऱ्यांचं जमलं तर. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजायला सुट्टी मिळते, ती नेहमीच्या मधल्या सुट्टीव्यतिरिक्त. रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे. हे सगळं तोंडी न मागता ईमेलवर मागावं.

शिल्लक असलेल्या हक्काच्या रजा मात्र बाळंतपणाच्या रजेला जोडून संपवू नका, हा मोह फार होतो. पाळणाघरातल्या पहिल्या पावसाळ्यात बाळ आठवड्याआड सर्दी घेऊन येतं, आणि ताप असलेलं बाळ पाळणाघर घेत नाही. त्या दिवसांसाठी दहा-बारा रजा मागे ठेवा. नवऱ्याच्या रजाही यात मोजायच्या आहेत.